बुदोकानमधल्या जुन्या लढती: बघणाऱ्यांचे आणि परीक्षण लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जपानी प्रो-रेसलिंगला तिथले लोक 'पुरोरेसु' म्हणतात. नव्वदच्या दशकातल्या त्याच्या लढती मी बरीच वर्षं बघतो आहे आणि त्यांच्यावर लिहितोही. नव्याने बघणारी मंडळी भेटली की तेच तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं.

नेमका कोणता काळ, आणि तोच का?

मुख्यतः १९९० ते २००० आणि मुख्यतः ऑल जपान प्रो-रेसलिंग ही संस्था.

मागचं थोडक्यात सांगतो. कोरियात जन्मलेला, आधी सुमो खेळलेला रिकिदोझान हा या खेळाचा जपानमधला मूळपुरुष. फेब्रुवारी १९५४मध्ये तो आणि ज्युदोपटू मासाहिको किमुरा अमेरिकेतून आलेल्या शार्प बंधूंशी लढले, तेव्हा तोक्योत रस्त्यावर लावलेल्या टीव्हींपुढे माणसांचे थवे जमले होते. युद्धात हरलेला देश आपल्या माणसाला धिप्पाड परदेशी पैलवानांशी भिडताना बघत होता. डिसेंबर १९६३मध्ये रिकिदोझानला भोसकण्यात आलं आणि आठवडाभरात तो गेला. त्याच्या दोन शिष्यांनी १९७२मध्ये आपापल्या संस्था काढल्या: अँतोनियो इनोकीने न्यू जपान आणि जायंट बाबाने ऑल जपान. बाबा दोन मीटरहून उंच होता आणि त्याआधी बेसबॉलमध्ये योमिउरी जायंट्सचा पिचर होता.

इनोकीला सतत सिद्ध करायचं असायचं की आमचा माणूस कुणाशीही लढू शकतो. त्याच ओढीने तो २६ जून १९७६ला तोक्योच्या बुदोकान सभागृहात मुहम्मद अलीसमोर उभा राहिला आणि पंधरा फेऱ्या बरोबरीत सुटल्या. बाबाला रिंगमधली कुस्तीच पुरेशी होती. त्याच्या संस्थेच्या शैलीला 'ओदो' म्हणजे राजमार्ग म्हणतात. नव्वदच्या दशकात त्या राजमार्गावर मिसावा, कावादा, कोबाशी आणि ताऊए हे चार जण जे चालले, तितकं सलग आणि तितकं खोल काम मला या खेळात दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

निकाल आधीच ठरलेला असतो ना? मग परीक्षण कशाचं करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा कुस्ती मनापासून आवडणारा माणूस असतो. म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं.

होय, निकाल ठरलेला असतो. आपल्याकडे मैदानात जोड लागली आणि कुस्ती लुटुपुटूची निघाली तर लोक खवळतात, आणि ते योग्यच आहे. तिथे निकाली कुस्तीचा शब्द दिलेला असतो आणि तो मोडलेला असतो. पुरोरेसुत दिलेला शब्दच वेगळा आहे. दोन माणसं आपल्या अंगाने एक गोष्ट सांगतील आणि ती सांगताना अंग चोरणार नाहीत, एवढाच तो शब्द.

कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही. तरी उत्तररंगात बुवा त्या प्रसंगाशी आले की मांडवात शांतता पसरते. शेवट माहीत असूनही घसा दाटून येतो, तो बुवांच्या सांगण्यामुळे. परीक्षण त्या सांगण्याचं करायचं. हा डाव इथेच का लागला? पंधराव्या मिनिटाला दुखावलेला गुडघा तिसाव्या मिनिटाला आठवला का? हरणारा माणूस कशामुळे हरला हे दिसलं का?

आणि एक सांगून ठेवतो. निकाल ठरलेला असला तरी मार खरा असतो. केंता कोबाशी तळहाताच्या कडेने छातीवर मारतो तो फटका ऐका, आणि पाच मिनिटांनी त्याच छातीवर साकळलेलं रक्त बघा.

कुठून सुरुवात करू?

८ जून १९९०, निप्पॉन बुदोकान, मित्सुहारू मिसावा विरुद्ध जंबो त्सुरुता.

बुदोकान म्हणजे १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदोसाठी बांधलेली अष्टकोनी इमारत. त्सुरुता म्हणजे १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जपानकडून ग्रीको-रोमन लढलेला पैलवान आणि त्या वेळचा संस्थेचा निर्विवाद पहिला माणूस. १९९०च्या वसंतात त्याचा मोठा प्रतिस्पर्धी गेनिचिरो तेन्र्यू संस्था सोडून गेला. आता त्सुरुताच्या समोर उभं राहणार कोण? मिसावा तोवर टायगर मास्कच्या मुखवट्यामागे होता. मे महिन्यात एका लढतीच्या मध्यातच त्याने आपला जोडीदार तोशिआकी कावादाला मुखवट्याची दोरी सोडायला लावली आणि पुढची कुस्ती उघड्या चेहऱ्याने केली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता तेव्हाची ही लढत.

ही बघायला आधी काहीही माहीत असावं लागत नाही, म्हणून पहिली हीच सुचवतो. त्सुरुता सुरुवातीला त्या पोराकडे ज्या नजरेने बघतो ती बघा. मग पहिला खणखणीत एल्बो, म्हणजे कोपराचा फटका, बसतो आणि ती नजर बदलते. सभागृह मिसावाचं नाव घ्यायला लागतं. पंचवीस मिनिटांच्या आत त्सुरुताचा हुकमी बॅकड्रॉप (मागून धरून उचलायचं आणि पाठीमागे आपटायचं) मिसावा हवेत अंग फिरवून उलटवतो, दोघं एकमेकांवर लोळतात आणि पंचाचा हात तिसऱ्यांदा जमिनीवर पडतो. खांदे टेकलेले असताना पंचाने तीन मोजले की लढत संपली. मिसावा रडतो. बरोबरीची तरुण पोरं त्याला खांद्यावर घेतात.

सप्टेंबरमध्ये त्सुरुताने त्याला परत हरवलं, हेही लक्षात ठेवा. एका विजयाने कोणी पहिला माणूस होत नाही, हे बाबाला पक्कं ठाऊक होतं. मिसावाला तिहेरी किताब मिळाला तो थेट ऑगस्ट १९९२मध्ये, अमेरिकन पैलवान स्टॅन हॅन्सनला हरवून.

तिहेरी किताब म्हणजे काय?

जपानीत 'सान्कान', तीन मुकुट. तीन वेगवेगळे किताब १८ एप्रिल १९८९ला त्सुरुताने हॅन्सनला हरवून एकत्र केले. त्यानंतर कित्येक वर्षं विजेता तिन्ही पट्टे बरोबर घेऊन यायचा.

ते चौघं मला ओळखूच येत नाहीत. काय करू?

रंगावरून ओळखा. हिरवा मिसावा, काळा-पिवळा कावादा, नारिंगी कोबाशी, लाल अकिरा ताऊए. दोन लढती झाल्या की चालीवरूनच ओळखू येतील. मिसावाचा चेहरा कधी हलत नाही. कावादा सतत काहीतरी गिळल्यासारखा दिसतो, आणि मार बसल्यावर त्याचे पाय उशिरा, एकेक करून मोडतात. कोबाशीच्या मनातलं सगळं तोंडावर लिहिलेलं असतं. सुमोतून आलेला ताऊए उंच, जरा बेढब, आणि कड्यावरून ढकलून द्यायला तयार असलेला.

या चौघांना मिळून जपानी लोक 'शितेन्नो' म्हणतात. बौद्ध देवळांत चार दिशांचं रक्षण करणारे जे चार देव असतात त्यांचं हे नाव, आणि ते देव इथूनच तिकडे गेले. आपले लोकपाल, दिक्पाल. उत्तरेचा वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. कुठल्याही क्षेत्रातल्या अव्वल चौघांना जपानीत हाच शब्द लावतात. पण या चौघांच्या बाबतीत तो मला जास्तच चपखल वाटतो, कारण बाबाच्या संस्थेचं छप्पर खरोखरच यांच्या खांद्यावर होतं.

पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही. पुढे ढकलून बघितलं तर चालेल का?

नाही. खासबागेत मोठी जोड लागली की पैलवान आधी बराच वेळ खडाखडी करतात. हाताला हात लावून, मानेवर वजन देऊन एकमेकांचा अंदाज घेतात. जाणता प्रेक्षक तेव्हाच ओळखतो कोणाचा दम आधी सुटणार. इथेही तसंच आहे. पहिल्या पाच मिनिटांत कोण कोणाला दोरीपाशी गेल्यावर सभ्यपणे सोडतो आणि कोण थप्पड मारून सोडतो, यावर पुढचा अर्धा तास उभा असतो.

९ जून १९९५च्या लढतीबद्दल सगळे इतकं का बोलतात?

कारण या शैलीला जे जे जमत होतं ते सगळं तिच्यात आहे. मला एकच लढत हातात धरून ठेवायला सांगितली तर मी हीच धरीन.

मिसावा आणि कोबाशी एका बाजूला, कावादा आणि ताऊए दुसऱ्या बाजूला. जोडीच्या जागतिक किताबासाठी बुदोकानमध्ये ४२ मिनिटं ३७ सेकंद. याच चौघांनी त्या वर्षीच्या जानेवारीत साठ मिनिटं लढून बरोबरी केली होती.

कथा जुनी आहे. मिसावा आणि कावादा एकाच शाळेचे, मिसावा एक वर्ष पुढे. शाळेच्या कुस्तीसंघापासून कावादा त्याच्या मागे. मुखवट्याची दोरी सोडणारा हात कावादाचाच होता. नंतर तो समोरच्या बाजूला गेला आणि वर्षांमागून वर्षं हरत राहिला. मिसावाचे खांदे त्याने तीन आकड्यांपर्यंत एकदाही टेकवलेले नव्हते.

कोबाशी या लढतीला आला तोच दुखऱ्या पायावर जाड पट्ट्या गुंडाळून. कावादा आणि ताऊए त्या पायावर तुटून पडतात. कोबाशी पायाने अधू झाला की मिसावा एकटा पडेल, एवढा साधा आणि निर्दय हिशेब. बघताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. कोबाशी किंचाळतो, प्रत्येक वेळी. आणि तरी त्याच पायाने मिसावाच्या मदतीला लंगडत येतो.

शेवटाकडे मिसावा पार मोडलेला असतो. कोबाशीला उभंही राहता येत नाही. मग तो जे करता येण्यासारखं उरलंय ते करतो: सरपटत जाऊन मिसावाच्या अंगावर आडवा पडतो आणि त्याला आपल्या शरीराने झाकतो. कुस्तीतला कुठलाही डाव नाही हा. रस्त्यावरच्या मारामारीत भाऊ भावावर पडतो तसं. ते दोघं त्याला ओढून काढतात आणि आधी त्याला आडवा करतात. मग कावादा मिसावाला पॉवरबॉम्बसाठी, म्हणजे वरून पाठीवर आपटण्यासाठी, उचलतो. एक, दोन, तीन.

सभागृहातून येतो तो आवाज नुसता जल्लोषाचा नाही. पाच वर्षांत जे झालं नव्हतं ते झाल्याचा धक्का त्यात आहे. कावादाचा चेहरा तेव्हा बघा. इतकी वर्षं मागितलेलं मिळाल्यावर माणूस हसतोच असं नाही.

परीक्षण लिहिताना मी या लढतीवर तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा कोबाशीच्या पायापासूनच सुरुवात केली. दुसरी वाट मला सापडलेली नाही.

म्हणजे एक लढत बघायला आधीच्या किती बघाव्या लागतात?

बघितल्याच पाहिजेत असं नाही, पण बघितल्या तर लढत दुप्पट मोठी होते. एकच उदाहरण देतो.

मिसावाचा टायगर ड्रायव्हर: समोरच्याचे दोन्ही हात मागून अडकवून त्याला उचलायचं आणि पाठीवर आपटायचं. १९९१च्या सुरुवातीला ताऊएविरुद्ध त्याने हा डाव असा सोडला की समोरचा पाठीऐवजी मानेवर आला. तेव्हापासून त्या प्रकाराला टायगर ड्रायव्हर ९१ म्हणतात. आणि मग मिसावाने तो जवळजवळ ठेवूनच दिला. घरात एखादं हत्यार माळ्यावर ठेवून द्यावं तसा.

३ जून १९९४, बुदोकान, मिसावा विरुद्ध कावादा. पस्तीस मिनिटं होतात, मिसावाचा भात्यातला एकेक बाण संपतो आणि कावादा प्रत्येक वेळी खांदा उचलतो. आता उरलंय काय, असं तुम्ही विचारता आणि मिसावा माळ्यावरचं हत्यार काढतो. पहिल्यांदाच बघणाऱ्याला तो एक भयंकर डाव वाटेल. ताऊएची लढत बघितलेल्याला कळेल की मिसावाने एक मर्यादा ओलांडली, आणि ती ओलांडायला त्याला कावादाने भाग पाडलं. हरूनही त्या रात्री कावादा मोठा झाला तो यामुळे.

हे सगळं आठवणीवर चालतं. त्या काळच्या बुदोकानमधल्या प्रेक्षकाला चार वर्षांपूर्वीचा एल्बो आठवत होता आणि पैलवानांना माहीत होतं की त्याला तो आठवतोय. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की एखादी लढत आवडली नाही तर लगेच निकाल देऊ नका. आधी बघा, तुम्ही मधल्याच अध्यायातून तर सुरुवात केलेली नाही ना.

परीक्षणात नेमकं काय लिहायचं?

डावांची यादी लिहू नका. 'मग त्याने सुप्लेक्स मारला, मग लॅरियट, मग पॉवरबॉम्ब' हे परीक्षण नव्हे, पंचनामा आहे. ज्याने लढत पाहिली त्याला ते माहीत आहे आणि ज्याने पाहिली नाही त्याला त्यातून काही दिसत नाही.

'कावादाने लाथ मारली' यापेक्षा 'कावादाने बसलेल्या मिसावाच्या तोंडावर बुटाच्या टोकाने हलकी, अपमान करणारी लाथ मारली, आणि मिसावा तोंड न पुसता उठला' असं लिहा. दुसऱ्या वाक्यात दोन माणसं आहेत.

मी पहिल्यांदा लढत न थांबवता, काहीही न लिहिता बघतो. दुसऱ्यांदा वही घेऊन बसतो आणि फक्त वेळ टिपतो: कोणत्या मिनिटाला सभागृहाचा सूर बदलला. तेवढ्या पाच-सहा आकड्यांवरून लढतीचा सांगाडा समोर येतो. मिसावा-कोबाशीची २० जानेवारी १९९७ची ओसाकातली लढत ४२ मिनिटांची आहे. त्या वहीशिवाय मला तिचं पोट सापडलंच नसतं. मधली पंधरा मिनिटं नुसती एका हातावर चालतात आणि तोच हात शेवटी भोवतो.

तारे द्यावेत का?

पाच ताऱ्यांची पद्धत अमेरिकन वार्तापत्रकार डेव्ह मेल्टझरमुळे जगभर पसरली. वर उल्लेख केलेल्या ३ जून १९९४ आणि ९ जून १९९५च्या लढतींना त्याने पाचपैकी पाच दिले होते. जपानबाहेरचे बरेच लोक या लढतींपर्यंत त्या ताऱ्यांमुळेच पोहोचले, हे उपकार मान्य करायलाच हवेत.

पण मी स्वतः देत नाही. तारा दिला की वाचणारा तोच बघतो आणि भांडण सव्वाचार की साडेचार यावर येतं. द्यायचेच असतील तर शेवटी द्या, आणि लढत दुसऱ्यांदा बघितल्यावरच द्या.

समालोचन जपानीत असतं. काही कळत नाही.

कळायची गरज नाही. आवाज बंद मात्र करू नका, कारण प्रेक्षकांचा आवाज हा लढतीचा निम्मा भाग आहे. एकाच वेळी पाय आपटायला लागलेलं सभागृह ऐकलं की भाषेचं काही अडत नाही.

ऐंशीच्या दशकातल्या लढतींचा शेवट इतका फुसका का असतो?

दोघंही रिंगबाहेर भांडत बसतात, पंच आकडे मोजून संपवतो आणि लढत अनिर्णित. तुम्हाला चीड येते, तेव्हाच्या जपानी प्रेक्षकालाही यायची. बड्या नावांपैकी कुणालाच खाली पाठ टेकायची नसायची, म्हणून ही पळवाट. आपल्याकडे दोन तगडे पैलवान अर्धा-पाऊण तास एकमेकांना धरून उभे राहतात आणि शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात, तेव्हा मैदानातून जो चडफडाट उठतो तोच हा.

दशक संपताना बाबाने हे मोडून काढलं. ऑल जपानच्या मोठ्या लढती निकालीच होतील, असा शिरस्ता पडला. नव्वदच्या दशकातल्या लढती लांबत गेल्या आणि पैलवानांची अंगं झिजत गेली, त्याचं एक कारण हेच. पळवाट बंद झाली की जिंकायला खरंच काहीतरी द्यावं लागतं.

तेव्हा १९८५च्या लढतीला १९९५ची फूटपट्टी लावू नका. शेवट सोडून बाकीच्या वीस मिनिटांबद्दल लिहा.

माझ्याकडची लढत मध्येच सुरू होते. प्रत खराब आहे का?

बहुधा नाही, ती टीव्हीसाठी कापलेली आहे. ऑल जपानचा कार्यक्रम निप्पॉन टेलिव्हिजनवर रात्री उशिरा लागायचा आणि पुढे पुढे तो अर्ध्या तासावर आला. चाळीस मिनिटांची लढत त्यात मावणार कशी? मग पहिली वीस मिनिटं गाळून दाखवायचे. त्याच ध्वनिचित्रफिती हातोहात जगभर फिरल्या. पूर्ण लढती बऱ्याचदा नंतर, विक्रीच्या कॅसेटवर किंवा संस्थेच्या वाहिनीवर आल्या.

लिहिण्याआधी एक काम न चुकता करा. शेवटी उद्घोषक लढतीचा वेळ जाहीर करतो, तो तुमच्या चित्रफितीच्या लांबीशी ताडून बघा. मी एकदा हे केलं नाही आणि एका लढतीला 'उतावळी, पाया नसलेली' म्हणून मोकळा झालो. पाया होता, माझ्या प्रतीत तो नव्हता. ते परीक्षण मी मागे घेतलं आणि पूर्ण लढत मिळाल्यावर नव्याने लिहिलं.

फक्त ऑल जपानच बघायचं का?

मुळीच नाही. इनोकी विरुद्ध बिली रॉबिन्सन, ११ डिसेंबर १९७५: साठ मिनिटं, चटईवरची कारागिरी. पहिला टायगर मास्क (मिसावाच्या आधी तो मुखवटा घालणारा) विरुद्ध डायनामाइट किड, २३ एप्रिल १९८१: लहान चणीच्या पैलवानांचा खेळ त्या दिवसापासून बदलला. इनोकी विरुद्ध तात्सुमी फुजिनामी, ८ ऑगस्ट १९८८: गुरु-शिष्य, साठ मिनिटांची बरोबरी आणि शेवटी डोळे पुसणारे प्रेक्षक.

आणि महिलांची कुस्ती टाळू नका. अनेक जण टाळतात आणि मोठं नुकसान करून घेतात. २८ ऑगस्ट १९८५ला ओसाकात चिगुसा नागायो आणि डंप मात्सुमोतो यांची लढत झाली, हरेल तिचं मुंडण अशी पैज. नागायो हरली. ती शाळकरी मुलींची लाडकी होती. तिचे केस कापले जात असताना सभागृहातल्या हजारो मुलींचा जो आक्रोश ऐकू येतो, तसा आवाज मी दुसऱ्या कुठल्याही खेळात ऐकलेला नाही. मग २ एप्रिल १९९३ची अकिरा होकुतो विरुद्ध शिनोबु कांदोरी बघा. तिच्यावर लिहायचं तर मला वेगळी बैठक लागेल.

या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध?

आहे, आणि ओढूनताणून आणलेला नाही.

दारासिंग यांच्याशी झालेल्या लढतींमुळे आपल्या आजोबांच्या पिढीला किंग काँग हे नाव पाठ होतं. त्या किंग काँगने आणि भारताच्या टायगर जोगिंदर सिंग यांनी १९५५मध्ये जपानात ऑल एशिया जोडी किताब जिंकला. त्या किताबाचे हे पहिले मानकरी.

पंजाबातून कॅनडात गेलेले टायगर जीत सिंग हे सत्तरच्या दशकातले इनोकीचे सर्वांत कुप्रसिद्ध शत्रू. डोक्याला फेटा, हातात तलवार. नोव्हेंबर १९७३मध्ये तोक्योच्या शिंजुकु भागात, एका मोठ्या दुकानाबाहेर भर रस्त्यात त्यांनी इनोकीवर हल्ला चढवला आणि ते प्रकरण कितीतरी दिवस गाजलं. जपानमधल्या एका पिढीच्या मनातलं पगडीवाल्या माणसाचं चित्र यातूनच तयार झालं, ही गोष्ट आपल्याला आज टोचते आणि टोचायलाच हवी. लढतीवर लिहिताना मी तेही लिहितो.

१२ डिसेंबर १९७६ला इनोकी कराचीत अक्रम पैलवानाशी लढला. अक्रम हा थोर गामा पैलवानाचा पुतण्या. ती लढत ठरल्याप्रमाणे चालली नाही, खरीच जुंपली आणि इनोकीने अक्रमचा हात निकामी केला. बघायला ती अजिबात सुखद नाही.

आणि आखाड्यातल्या खऱ्या कुस्तीचा एक दुवा कराडजवळच्या गोळेश्वरचा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, त्या वजनगटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशिईने नेलं. इशिई मूळचा ज्युदोपटू. रिकिदोझानच्या त्या १९५४च्या लढतीआधी दोन वर्षं जपानी माणूस चटईवर किती तयार होता, हे आपल्या खाशाबांनी प्रत्यक्ष अंगावर घेतलेलं आहे.

एका सुट्टीच्या दिवशी बघायला क्रम सांगाल?

सकाळी ८ जून १९९०. मग ३ जून १९९४. जेवून झाल्यावर ९ जून १९९५, मध्ये न उठता. तिच्यानंतर लगेच दुसरं काही लावू नका, फिरून या. संध्याकाळी २० जानेवारी १९९७. ज्यांना कावादाचं पुढे काय झालं ते हवं असेल त्यांनी १ मे १९९८ लावावी: ऑल जपानची एकटीच्या बळावर तोक्यो डोममधली पहिली वेळ, आणि तिहेरी किताबासाठी कावादा अखेर मिसावाला हरवतो. २२ जानेवारी १९९९ला त्याने तेच पुन्हा केलं, तेही लढतीच्या सुरुवातीलाच मोडलेल्या हाताने. त्यानंतर नऊ दिवसांनी बाबा गेला. जून २०००मध्ये मिसावा जवळजवळ सगळ्या पैलवानांना घेऊन बाहेर पडला आणि त्याने नोआ ही संस्था काढली. कावादा मागे राहिला.

मिसावाचा मृत्यू रिंगमध्ये झालेल्या इजेने झाला. ते माहीत असताना या लढती बघाव्यात का?

१३ जून २००९, हिरोशिमा. जोडीच्या किताबाची लढत. मिसावाने आयुष्यभरात अंगावर घेतलेल्या असंख्य बॅकड्रॉपसारखाच एक बॅकड्रॉप, आणि तो उठला नाही. मानेला इजा झाली होती. सत्तेचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले होते. ज्याच्या हातून तो डाव बसला त्या अकितोशी साइतोचा काहीही दोष नव्हता. वीस वर्षांची झीज त्या एका क्षणी समोर आली.

म्हणून या लढतींचं परीक्षण करताना मानेवर आपटणारे डाव मी 'थरारक' म्हणून मिरवत नाही. कोणत्या डावात मान गेली, हे साधं लिहितो. कोबाशीचे गुडघे कितीदा फाडले गेले, मूत्रपिंडाच्या कर्करोगातून तो डिसेंबर २००७मध्ये कसा परतला आणि २०१३मध्ये त्याच बुदोकानमध्ये शेवटची लढत खेळून कसा थांबला, हेही लिहितो. ही किंमत लपवून केलेलं कौतुक मला अर्धवट वाटतं. किंमत कळली म्हणून लढत बघायचीच नाही, हेही मला पटत नाही. मिसावाने जे केलं ते कोणीतरी बघावं म्हणूनच केलं होतं.

२००९नंतर मी ९ जून १९९५ची लढत बऱ्याच महिन्यांनी पुन्हा लावली. कोबाशी सरपटत येतो आणि मिसावाला झाकतो, तिथे पूर्वी मी कावादाच्या बाजूने श्वास रोखून असायचो. आता माझे डोळे कोबाशीच्या पाठीवर असतात. ते त्याला ओढत असतात आणि त्याची बोटं सुटत नसतात.